धूर मागून शिरतो

गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की बॉनेट उघडायच्या आधी मी डॅशबोर्ड बघतो. एसीच्या जाळीला सेंटची बाटली, आरशाला टांगलेलं सुगंधी पाकीट आणि वर गणपतीसमोर उदबत्तीचं घर, हे सगळं एकाच गाडीत असलं की मी मालकाला सरळ विचारतो, "वास कधीपासून येतोय?" बहुतेकांना आश्चर्य वाटतं. ते आलेले असतात ब्रेक घासतोय म्हणून किंवा ऑइल बदलायला. वासावर आपला उपाय त्यांनी केलेला असतो: दुकानातून सेंट आणलेला असतो.

माझं गॅरेज नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, सावेडी नाक्याच्या पुढे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पासिंगचा नंबर मात्र नगरला सोळा आणि श्रीरामपूरला सतराच राहिला. माझ्याकडे शिर्डी-शिंगणापूरच्या भाड्याच्या गाड्या येतात, नेप्तीच्या बाजारात कांदा घालून परत निघालेले शेतकरी येतात, एमआयडीसीतले कामगार येतात. या रस्त्याच्या खड्ड्यांनी सायलेन्सरचे किती हँगर तोडले आणि किती फ्लँज ढिले केले याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. त्यामुळे गाडीत धुराचा वास हे दुखणं आमच्याकडे बारमाही.

वासाची तक्रार आली की पहिला प्रश्न, कसला वास? ऊस तोडणीच्या दिवसांत राहुरी-कोल्हारकडे ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्या प्रत्येक गाडीत डिझेलचा वास येतो. तो समोरच्याचा धूर, आपल्या गाडीचा त्यात काही दोष नाही. करपलेल्या तेलाचा वास आला तर बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं आणि ऑइल झिरपून गरम मॅनिफोल्डवर पडत असतं. गोडसर, ओलसर वास आणि काचेवर चिकट वाफ म्हणजे हीटरची कॉइल गळतेय. सडक्या अंड्याचा वास आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघायचा, नाहीतर जास्त चार्ज होऊन उकळणारी बॅटरी. घाट चढून आल्यावर जळका, झोंबणारा वास क्लचचा. कच्च्या पेट्रोलचा वास असेल तर बाकी सगळं सोडून आधी गाडी बंद करायची आणि पाइपलाइन बघायची. हे सगळं वगळून उरतो तो जळालेल्या धुराचा वास, आणि मला खरी धास्ती त्याचीच असते.

कारण धुरात ज्याला वास आहे ते लगेच मारत नाही आणि जे मारतं त्याला वास नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचूर नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवतं. मोकळ्या हवेत आल्यावरसुद्धा रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. म्हणून गाडीतून उतरून चहा घेतला, बरं वाटलं, पुन्हा गाडीत बसलो, यात काही अर्थ नसतो. आधीचं शरीरातून गेलेलं नसतं आणि वर नवीन भरत जातं.

आपल्याकडे ही लक्षणं झाकायला एक तयार निदान आहे: गाडी लागते. डोकं दुखलं, मळमळलं, पोरगं ओकलं, म्हातारी पेंगली, की घरचे म्हणतात, तिला गाडी लागते, आल्याची वडी द्या, लिंबू हुंगायला द्या. गाडी लागणारी माणसं असतातच. पण आधी कधी त्रास नव्हता आणि आता होतो, किंवा दुसऱ्याच्या गाडीत होत नाही आणि आपल्याच गाडीत होतो, किंवा गाडीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी धरतं, तर दुखणं पोटाचं नाही, गाडीचं आहे. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो आणि तो मान हलवतो. त्याला स्वतःला काहीच झालेलं नसतं ना.

पाथर्डीकडचं एक कुटुंब आलं होतं. नवरा इथल्या एका कारखान्यात कामाला, बायको, मागच्या सीटवर लहान मुलगी. छोटी हॅचबॅक, बाहेरून सीएनजी किट बसवलेली. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने एसीचा फिल्टर बदलला, दुसऱ्याने एसीच्या जाळीत फवारा मारला. नवरा म्हणाला, "मिस्त्री, तसं काही नाहीये. हिलाच वास येतो, मला तर येत नाही. एकदा बघून घ्या आणि हिला सांगा." बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, करंजी घाट लागला की येतो. घाट संपला की वास जातो, पण डोकं नगरपर्यंत राहतं."

त्या एका वाक्यात निम्मं काम झालं होतं. मी विचारलं, "घाटात गाडी पेट्रोलवर घेता का?" नवरा म्हणाला, "हो, सीएनजीवर ओढत नाही." म्हणजे वास येत होता पेट्रोलच्या धुराचा. सपाटीला गाडी पुन्हा सीएनजीवर जायची. सीएनजीचा धूर नाकाला फारसा जाणवत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातही असतो. वास थांबला तरी डोकं थांबत नव्हतं ते यामुळे. नवऱ्याला का कळत नव्हतं तेही उघड होतं. तो पुढे बसायचा, त्याची काच चार बोटं खाली आणि ब्लोअरचा झोत तोंडावर. शिवाय रोज त्याच गाडीत बसणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. बायको आणि मुलगी मागे, काचा बंद.

मी ताईंना मागे तिथेच बसायला सांगितलं, नवऱ्याला गॅरेजमध्ये थांबवलं आणि गाडी पेट्रोलवर घेऊन फेरी मारली. आधी हवेचं बटण बाहेरच्या हवेवर, मग आतल्या हवेवर. गाडीतलं हे बटण निदानाला फार उपयोगी आहे. काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा आत घेत ब्लोअर चालला की केबिनमध्ये किंचित दाब तयार होतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. बटण आतल्या हवेवर टाकलं की तो दाब राहत नाही. बाहेरच्या हवेवर वास येतो आणि आतल्या हवेवर थांबतो, तर दोष पुढे, इंजिनच्या भागात. आतल्या हवेवर वास वाढतो, तर तो मागून किंवा खालून शिरतोय. ताई म्हणाल्या, "आता आला." बटण आतल्या हवेवर होतं.

मागून धूर आत कसा येईल, गाडी तर पुढे पळतेय, असं लोक विचारतात. त्यांना मी एसटी दाखवतो. कच्च्या रस्त्याने आलेल्या एसटीची पुढची काच बरी असते आणि मागची धुळीने माखलेली. गाडी हवा कापत पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तिथली हवा घुसळत उलटी गाडीकडे येते आणि धूळ मागच्या पत्र्यावर बसते. जिथे धूळ पोचते तिथे धूरही पोचतो. मागे भोक असलं की तो आत. ठिबकचे पाइप किंवा कांद्याची गोणी घालून, डिकी सुतळीने अर्धवट बांधून, आत बायका-पोरं बसवून निघालेली गाडी दिसली की मी हात करून थांबवतो. मागची एकच काच उघडी ठेवणंही त्याच जातीचं. लोकांना वाटतं, हवा खेळती राहते. खेळती राहते खरी, पण धुरासकट.

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. धूर कुठून गळतो ते इंजिन थंड असतानाच बघावं लागतं. लोखंड तापलं की फुगतं आणि बारीक चीर आपोआप मिटते, म्हणून गरम गाडीत दोष लपतो. सकाळी पिटात उतरलो. पोऱ्याने जाड फडकं टेलपाइपवर दाबून धरलं, काही सेकंदच, आणि मी साबणाचं पाणी जोडाजोडावर मारत गेलो. मॅनिफोल्ड ठीक, पुढचा बेलो ठीक, फ्लँज ठीक. मागच्या डब्यापाशी फुसफुस ऐकू येत होती, पण फेस कुठेच नाही. डब्याच्या वरच्या बाजूला, जी खालून दिसत नाही तिथे, बोट फिरवलं तर बोट काळं. आरसा धरून पाहिलं. वरच्या शिवणीला चीर होती आणि तिच्या बरोबर समोर गाडीच्या पत्र्यावर काजळीचा तळहाताएवढा डाग उमटला होता.

धूर गळत होता कुठे ते कळलं. शिरत होता कुठून ते अजून शोधायचं होतं, आणि निम्मी गॅरेजं इथेच थांबतात. पोऱ्याला डिकीत बसवलं, हातात बॅटरी दिली, डिकी लावली, शटर ओढून अंधार केला आणि बाहेरून बघितलं. डाव्या टेललाइटच्या कडेने उजेडाची रेघ दिसत होती. खालून पाहिलं तर सीएनजीचा पाइप जिथून पत्र्यातून वर जातो तिथेही उजेड. गाडीला मागून कधीतरी ठोकर बसली होती, डेंटरने पत्रा सरळ करून जुनंच, चेपलेलं पॅकिंग लावून लाइट बसवला होता. आणि किट बसवणाऱ्याने भोक पाडून पाइप घातला, पण भोकाला रबरी ग्रोमेट घातलं नाही. पत्र्याच्या कडेवर पाइप नुसता टेकला होता. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या वेळी ठेवलेली ही भोकं वर्षानुवर्षं कुणाला जाणवली नाहीत. सायलेन्सर फाटला तेव्हा जाणवली, आणि तीही एकट्या ताईंना.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की सायलेन्सर वेल्ड करून द्या, बाकी कशाला. मी म्हटलं, सायलेन्सर आज जोडला तरी आपल्या रस्त्यांवर उद्या पुन्हा कुठेतरी उलणार. भोकं बुजवली तर तेव्हा धूर बाहेरच राहील. मागचा डबा गंजून पातळ झाला होता, वेल्डिंग धरलं नसतं, म्हणून नवीन घातला. शिवाय टेललाइटचं पॅकिंग, पाइपला ग्रोमेट, डिकीच्या बीडिंगचा चपटा झालेला तुकडा. बीडिंग तपासायची साधी रीत आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडखळत निघाली तर रबर जिवंत आहे, सहज निघाली तर मेलं.

अशी न बुजवलेली भोकं हा एकट्या नगरचा प्रश्न नाही. अमेरिकेत ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी 2017 च्या जुलैमध्ये आपल्या सुमारे चारशे गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या, कारण ड्युटीवरच्या पोलिसांना गाडीतच कार्बन मोनॉक्साइडचा त्रास होत होता. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत एक हे की, पोलिसांसाठी दिवे, वायरलेस वगैरे बसवताना मागच्या पत्र्याला पाडलेली भोकं नीट बंद केलेली नव्हती. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे रिव्हर्स कॅमेरे, डिकीतले बूफर, मागचे टोइंग हुक आणि गॅसचे किट आठवले. ड्रिल चालवणारे खूप आहेत, ग्रोमेट खिशात ठेवणारे थोडे.

नगरकरांना हे समजावायला मला एक हक्काची जागा आहे. इथल्या रणगाडा संग्रहालयात, जे 1994 मध्ये सुरू झालं, विजयंता उभा आहे. त्याच्या 105 मिलिमीटरच्या तोफेची नळी मध्ये एका ठिकाणी फुगलेली दिसते. मुलं विचारतात, हे काय? तोफ उडाली की नळीत उरलेला दारूचा धूर मागे आतल्या जवानांवर येऊ नये म्हणून ती सोय आहे. गोळा पुढे जाताना थोडा वायू त्या फुगवट्यात दाबून भरतो आणि गोळा बाहेर पडला की तो पुढच्या दिशेने झोतात सुटून नळीतला धूर आपल्यासोबत ओढून नेतो. बंद डब्यात माणूस बसवायचा तर धूर उलटा येणार हे धरूनच यंत्र बनवावं लागतं. कारखान्याने गाडीतही ते धरलेलं असतं. आपण नंतर जे उपद्व्याप करतो त्यात ते बिघडतं. आवाज यावा म्हणून शेवटचा डबा काढून पाइप बंपरच्या अलीकडेच कापणारी पोरं धूर थेट स्वतःच्या फरशीखाली सोडत असतात.

जुन्या ओमनीची गोष्ट वेगळी. 1984 मध्ये आलेली ही गाडी 2019 मध्ये बंद झाली, पण खेड्यापाड्यांत अजून धावते. तिचं 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखालीच. प्रत्येक सर्व्हिसिंगला सीट उचलावी लागते आणि झाकणाच्या कडेचं रबर हळूहळू तुटत जातं. मग कुणी तिथे गोणपाट घालतं, कुणी जुन्या गादीचा फोम. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं की धुराला आत यायला दुसरी वाटच शोधावी लागत नाही. या गाडीत मुलं शाळेत जातात आणि पेशंट दवाखान्यात, म्हणून ओमनी कशासाठीही आली तरी मी ते रबर बघतोच.

डिझेलच्या नव्या गाड्यांत दोष बहुधा पुढे सापडतो. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो बसेनासा झाला की सिलिंडरमधला दाब कडेने वर येतो, चक-चक असा आवाज देतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर चढतो. सिग्नलला गाडी उभी असताना हा धूर बॉनेटखालून काचेखालच्या जाळीत जातो आणि ब्लोअर तो प्रामाणिकपणे आत आणून देतो. इथे नुसता वॉशर बदलून भागत नाही. खालची बैठक कटरने साफ केली नाही तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत गळतो. डिझेलमध्ये कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो म्हणून हे चालवून घेऊ नये. त्यातली काजळी फुप्फुसात जाते, त्याचं काय?

वाद वाढला की लोक पीयूसीचा कागद पुढे करतात. पास आहे ना गाडी! पास आहे, मान्य. बीएस-4 नंतरच्या पेट्रोल कारला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. म्हणजे दहा लाख भागांत तीन हजार. कामाच्या जागी आठ तासांसाठी अमेरिकेत घातलेली कायदेशीर मर्यादा दहा लाखांत पन्नास आहे. पीयूसी आकाशात सोडलेल्या धुरासाठी आहे, बंद केबिनमध्ये घ्यायच्या श्वासासाठी नाही. आणखी एक गंमत म्हणजे सायलेन्सरला भोक असलं तर बाहेरची हवा आत मिसळून मशीनवरचा आकडा उलट कमी येऊ शकतो. फाटका सायलेन्सर चांगल्या मार्कांनी पास.

मला सगळ्यात भीती वाटते ती उभ्या गाड्यांची. शिर्डीत प्रवासी दर्शनाच्या रांगेत, ड्रायव्हर रात्रभर चालवून दमलेला, पार्किंगमध्ये मागचं तोंड भिंतीला लावून, काचा चढवून, एसी चालू ठेवून झोपलेला. सोडलेला धूर भिंतीला आपटून गाडीखालीच साचतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघेजण मृत सापडले, तिथे धूर जनरेटरचा होता. झोपलेल्या माणसाचं डोकं दुखत नाही, तो तक्रार करायला उठत नाही. माझ्याकडे येणाऱ्या भाड्याच्या ड्रायव्हरांना मी हात जोडून सांगतो, काच खाली करा, घाम येऊ द्या, पण इंजिन बंद करून झोपा.

या कामात पैसा कमी आणि वाद जास्त. ग्रोमेटची किंमत दहा-वीस रुपये आणि ते नाही हे शोधायला अर्धा दिवस. गिऱ्हाईक बिलातला पार्ट बघतं, शोध बघत नाही. पाथर्डीच्या त्या नवऱ्यानेही मजुरीवरून घासाघीस केली. ताई म्हणाल्या, "मागितले तेवढे द्या. दोन महिने मी वेडी ठरले होते, त्याचे पैसे कुणी दिले?" मग तो हसला आणि पैसे दिले.

एवढ्या वर्षांत माझी एक पद्धत पक्की झाली आहे. वासाची तक्रार असेल तर ट्रायलला मी मालकाला नेत नाही, ज्याला वास येतो त्याला नेतो, आणि तो बसतो त्याच जागी बसवतो. आमच्या धंद्यात आवाज, धक्का, मायलेज या तक्रारी स्टिअरिंगवरचा माणूस करतो आणि त्या लगेच खऱ्या मानल्या जातात. वासाची तक्रार बहुतेक वेळा मागून येते, बाईकडून, पोराकडून, म्हाताऱ्या माणसाकडून, आणि गाडी त्यांच्या नावावर नसते म्हणून ती गॅरेजपर्यंत पोचायला महिने लागतात. मशीन विकत घेता येतं. कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं यंत्र मीही ठेवलंय आणि ते उपयोगी पडतं. पण ते लावायची वेळ आली आहे हे सांगणारा माणूस आधी मागच्या सीटवर बोललेला असतो.

तेव्हा गाडीत धुराचा वास आला तर पुढच्या दोन्ही काचा उघडा, बटण बाहेरच्या हवेवर टाका, ब्लोअर पूर्ण सोडा आणि जागा मिळेल तिथे गाडी उभी करून सगळे खाली उतरा. कुणाचं डोकं ठणकत असेल, मळमळ थांबत नसेल, कुणी गुंगत असेल तर गॅरेज नंतर, आधी दवाखाना, आणि डॉक्टरांना गाडीतल्या धुराचं आवर्जून सांगा. सगळे ठीक असतील तर ती गाडी तशीच हाकत आणू नका, टोचन करून आणा. रात्री माझ्याकडे मुक्कामाला ठेवा, सकाळी थंड इंजिनावर मी बघतो. सेंटच्या बाटल्या तेवढ्या काढून ठेवा, कारण मलाही नाकानेच सुरुवात करायची असते.